अतिवृष्टीचं सरकारी अनुदान, 2025: सीनाकाठच्या एका खातेदार बाईचा अनुभव

पंचनाम्यावर खातेदार म्हणून सही माझी आहे. पंच म्हणून सही अण्णांची आहे. आणि ज्या सोयाबीनचा तो पंचनामा, ते पेरलं, खुरपलं, फवारलं अण्णांनी. ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

खताबद्दल, मोबाईलबद्दल, हॉटेलाबद्दल लोक इंटरनेटवर लिहितात आणि पाचपैकी किती तारे ते सांगतात. सरकारी मदतीबद्दल मात्र एकतर जाहिरात वाचायला मिळते, नाहीतर शिव्या. ज्याने ती मदत घेतली त्याचा कागद कुठं अडला, कुठं सुटला, पैसे किती आणि कधी पडले, हे सरळ सांगणारं फार कमी सापडतं. मी गावातल्या बचत गटाची सचिव आहे. बायकांचे कागद माझ्याकडे येतात आणि तारखा टिपून ठेवायची मला सवय आहे. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे.

आमचा पट्टा सीना नदीचा. नदीच्या एका अंगाला सोलापूर जिल्हा, दुसऱ्या अंगाला धाराशिव. आम्ही धाराशिवच्या अंगाला. मालक, म्हणजे माझे नवरे, 2019 साली गेले. त्यानंतर वारस नोंद करून 1 हेक्टर 40 आर, म्हणजे साडेतीन एकर रान माझ्या नावावर झालं. सासूबाईंच्या नावावर 20 आरचा वेगळा गट आहे. माझ्या रानातले नदीकडचे 60 आर मी स्वतः करते. उरलेले 80 आर, म्हणजे दोन एकर, अण्णांकडे निम्म्या बटईनं. बी-खत निम्मं-निम्मं, राबणं सगळं त्यांचं, पीक निम्मं-निम्मं. अण्णा मालकांचे मित्र, मला वहिनी म्हणतात. कागद काही नाही, शब्दावर चाललंय.

22 सप्टेंबरच्या रात्री नदी आली. आमच्याकडे पाऊस होताच, पण जास्त पाणी वरून आलं. सीना उगम पावते नगरकडं, वाटेत धरणं, आणि सगळीकडं एकदम पडल्यावर धरणातून सोडल्याशिवाय इलाज नव्हता. पुढं लांबोटीच्या पुलाजवळ पुण्याचा हायवे बंद पडला, यावरून पाणी किती होतं ते कळेल. आम्ही सासूबाईंना घेऊन शाळेत गेलो. जर्सी गाय सोडली होती, पण ती परत गोठ्याकडंच आली आणि तिथंच गेली. पाणी उतरायला तीन दिवस लागले. नदीकडच्या 20 आरातली काळी माती निघून गेली होती आणि खाली नुसता मुरूम. विहिरीत गाळ, त्या गाळात पाणबुडी मोटर, आणि कुणाचा तरी फवारणीचा पंप.

सोयाबीन काढणीला आलं होतं. आठ दिवस अजून मिळाले असते तर गंजी लागली असती.

आता मदतीकडं येते. पण आधी थोडं मागचं सांगावं लागेल, कारण या मदतीत कुठंतरी एक रेघ असते. तुम्ही रेघेच्या आत असाल तर शेतकरी, बाहेर असाल तर तुमचं नुकसान झालेलंच नसतं. आमच्या घराने ही रेघ तीनदा पाहिली.

पहिल्यांदा 2014 ला. फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली ती अनेकांना आठवत असेल. सासरे तेव्हा होते. ज्वारी आडवी झाली. पाहणीत नुकसान लिहिलं 45 टक्के. तेव्हा अट होती किमान 50 टक्क्यांची. सासरे कुणाला काही बोलले नाहीत, पण त्या वर्षी त्यांनी बैलजोडीतला एक बैल विकला. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2015 मध्ये, केंद्राने ती अट 50 वरून 33 टक्क्यांवर आणली. आज 33 टक्के म्हणजे जणू पहिल्यापासूनच असं सगळ्यांना वाटतं. आमच्या घरात मात्र 45 हा आकडा अजून कुणी विसरलेलं नाही.

दुसरी रेघ पावसाची. महसूल मंडळातल्या पाऊस मोजायच्या यंत्रात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला तर ती अतिवृष्टी. मंडळात गावं कितीतरी आणि यंत्र एकच. एका वर्षी आमच्या मंडळात 61 भरला. ओढ्यापलीकडचं गाव दुसऱ्या मंडळात, तिथं 70 च्या पुढं. त्यांच्या उडदाला अनुदान आलं, आमच्या उडदाला नाही. बांधावर उभं राहिलं की दोन्ही उडीद सारखेच काळे दिसायचे. आणि रोज थोडा थोडा पडून पंधरा दिवसांत पीक कुजवणारा पाऊस तर कुठल्याच खान्यात बसत नव्हता. 2023 साली राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती म्हणून धरायला सुरुवात केली, सलग पाच दिवस रोज किमान 10 मिलिमीटर वगैरे अटी घालून. अटी किचकट आहेत, पण कुजणं हेही नुकसानच असतं हे सरकारी कागदावर आलं, याला मी मोठी गोष्ट मानते.

तिसरी रेघ क्षेत्राची. केंद्राच्या निकषात दोन हेक्टरपर्यंतच मदत. 2022 ला राज्याने ती तीन हेक्टर केली आणि दरही दुप्पट केले, कोरडवाहूला हेक्टरी 6,800 चे 13,600. मग 2025 च्या मे महिन्यात पुन्हा केंद्राचे दर आणि दोनच हेक्टर. आणि सप्टेंबरचा पूर झाल्यावर, 7 ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं तेव्हा परत तीन हेक्टर. मला तर तीन हेक्टर लागतच नाहीत, पण अशी रेघ दर वर्षी मागं-पुढं झाली की शेतकऱ्याला हिशोबच करता येत नाही. पेरताना माहीत पाहिजे की बुडालो तर काय मिळणार.

ऑक्टोबरच्या त्या घोषणेत मला सर्वांत भावलं ते हे की 65 मिलिमीटरची अट यंदा लावली नाही. जिथं नुकसान, तिथं पंचनामा. आमच्यासारख्या नदीकाठच्या गावाला दुसरं काय पाहिजे? पाणी वरून येतं, यंत्र आमच्या आभाळाकडं बघत बसतं.

दुसरं, जनावरांची अट काढली. पूर्वी कितीही दुभती जनावरं गेली तरी मोठ्या तीनच जनावरांचे पैसे मिळायचे. आमच्या गल्लीतल्या एका घरच्या सात गाई दावणीलाच बुडाल्या. त्या घरी दुधावरच सगळं होतं, रान नावाला. गाईला 37,500 रुपये हा दर. जुन्या नियमाने त्यांना 1,12,500 मिळाले असते, यंदा 2,62,500 मिळाले. तेवढ्यात सात गाई येत नाहीत, हे गाई पाळणारा कुणीही सांगेल. पण त्या पोराने परत गोठा उभा केला, चार गाई आणल्या, आणि आमच्या डेअरीत त्याचं दूध पुन्हा येतं. सात गाई गेल्या आणि तुझ्या तीनच गेल्या असं आपण त्याला कसं सांगत होतो इतकी वर्षं?

तिसरं म्हणजे विहीर. बुजलेल्या विहिरीला यंदा 30,000 रुपये. आधी विहिरीला या मदतीत जागाच नव्हती. आणि खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रोख, शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतचं काम. रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 वेगळे.

पंचनामा 30 सप्टेंबरला झाला. तलाठी ताई आल्या त्या ट्रॅक्टरवर बसून, कारण गाडी पांदीतच रुतली होती. सोबत कृषी सहायक आणि ग्रामसेवक. ताईंचं वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं असेल. चपला हातात, साडी पोटरीपर्यंत खोचलेली, आणि नोंदवही प्लॅस्टिकच्या पिशवीत. गावात त्या आठवडाभर रोज होत्या. माझ्या रानात आल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं. मी दशम्या दिल्या, त्यांनी बांधावर उभ्या उभ्याच खाल्ल्या.

कृषी सहायकांनी अण्णांच्या सोयाबीनचं एक झाड उपटलं, शेंग अंगठ्याने फोडली आणि तळहातावर धरली. आत तीन दाणे होते आणि तिन्हींना पांढरे कोंब फुटलेले, जणू मटकी भिजत घातलीय. वास आंबूस. अण्णांनी ते दाणे त्यांच्या हातातून घेतले आणि परत शेंगेत ठेवले. का ठेवले कुणास ठाऊक, मला तेव्हा त्यांच्याकडं बघवलं नाही.

ताईंनी विचारलं, ‘‘खातेदार कोण?’’

मी पुढं झाले.

वहीतले रकाने मी नीट पाहिले. गट नंबर, खातेदाराचं नाव, एकूण क्षेत्र, पीक, बाधित क्षेत्र, टक्केवारी, बँकेचं खातं. पेरणाऱ्याचा रकाना नाही. मी म्हटलं, ‘‘ताई, हे दोन एकर अण्णांच्या बटईचे आहेत, त्यांचं नाव लिहा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘काकू, मला लिहायला जागा कुठं आहे, तुम्हीच दाखवा.’’ खरंच नव्हती. मग पंचांच्या सह्या लागतात म्हणून त्यांनी अण्णांकडंच पेन दिलं. अण्णा म्हणाले, ‘‘वहिनी, सात-बारा तुमचा, पंचनामा तुमच्याच नावानं होणार. मी पाहिलंय ना नुकसान, मग करतो की सही.’’

त्या ताईंना मी पाचपैकी पाच देईन. रकाना छापणारे त्या वावरात नव्हते.

पैशाचं सांगते. पहिले पैसे पडले 17 ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी. पिकाचे 11,900 रुपये, म्हणजे हेक्टरी 8,500 गुणिले 1.40. मेसेज आला तेव्हा मी रिकाम्या दावणीपुढं रांगोळी काढत होते. गाय नव्हती, पण सासूबाई म्हणाल्या रांगोळी चुकवायची नाही. गाईचे 37,500 आणि खरवडलेल्या 20 आराचे 9,400 दिवाळीनंतर आले. रब्बीचे 14,000 नोव्हेंबरच्या शेवटी. विहिरीचं नाव जानेवारीत यादीत लागलं. रोजगार हमीतून जमिनीत माती टाकायचं काम आमच्या गावात अजून सुरू झालेलं नाही. 20 आराला ते 60,000 पर्यंतचं काम होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या 9,400 पेक्षा त्या मातीची गरज जास्त आहे. मुरमावर काय पेरू?

दिवाळीआधी पैसे देऊ म्हणाले होते, माझ्याबाबतीत दिले. हे मोकळेपणाने लिहायला पाहिजे. त्याचं एक कारण म्हणजे यंदा ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे सरकारच्या शेतकरी नोंदणीचा, अ‍ॅग्रिस्टॅकचा, काढलेला होता त्यांना वेगळी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करायला लावली नाही. माझा काढलेला होता. यादी तहसीलमधून वर गेली आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर आले. ना खेटा, ना रांग.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. त्यांचा ओळख क्रमांक निघालाच नव्हता. मग जुना रस्ता. यादीत नाव, नावापुढं विशिष्ट क्रमांक, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात, तो घेऊन सेवा केंद्रात जायचं आणि अंगठा द्यायचा. पहिल्या केंद्रात शंभर रुपये मागितले. ही ई-केवायसी शेतकऱ्याला फुकट असते, हे मला माहीत होतं आणि मी तसं म्हटलं. मग मशीन बंद आहे असं सांगण्यात आलं. दुसऱ्या केंद्रातला मुलगा चांगला होता, पण सासूबाईंचा अंगठा लागेना. पासष्ट वर्षं खुरपं धरलेला अंगठा. त्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. ओटीपी घ्यावा म्हटलं तर आधारला जोडलेला नंबर मालकांचा, आणि तो 2019 पासून बंद.

मुलाने तो नंबर स्क्रीनवरून वाचला, शेवटचे चार आकडे. सासूबाईंनी ओळखला. काही बोलल्या नाहीत.

तीनदा गेलो. आधार केंद्रात जाऊन नवीन नंबर जोडला, ठसे पुन्हा दिले. शेवटी तिसऱ्या खेपेला त्या मुलाने ओल्या फडक्याने एकेक बोट पुसलं आणि एकेक लावून पाहिलं. उजव्या हाताची अनामिका लागली. हिरवी खूण आल्यावर रांगेतल्या सगळ्या बायका हसल्या. 1,700 रुपयांसाठी हे सगळं. 20 आराचे 1,700 होतात. जाण्या-येण्याला आणि आधारला साडेतीनशे गेले.

एवढ्या खटपटीतून मी एक शिकले ते बचत गटातल्या सगळ्यांना सांगितलं, इथंही सांगते. ओळख क्रमांक आत्ताच, कोरड्या दिवसांत काढून घ्या. आधारचा मोबाईल नंबर चालू आहे का ते पाहा. आणि विहीर, बोअर, झाडं यांची सात-बाऱ्यावर नोंद आहे का तेही पाहा. आमच्या गटातल्या एकीची विहीर सासऱ्यांच्या काळापासून आहे, तिच्यावर अर्धी वाडी पाणी पिते, पण सात-बाऱ्यावर नोंद नाही. विहीर गाळानं बुजली, तिचे 30,000 अडकले. विहीर सगळ्यांना दिसते, फक्त कागदाला दिसत नाही.

तिथंच परत अण्णांकडं येते.

रेघ 50 वरून 33 ला आली, 65 मिलिमीटरची गेली, दोन हेक्टरची तीन झाली, तीन गाईंची सात झाली. पात्रता किती बाजूंनी वाढली बघा. ती वाढवणाऱ्यांचे, त्यासाठी मोर्चे काढणाऱ्यांचे, विधानसभेत बोलणाऱ्यांचे सगळ्यांचे उपकार आहेत. पण एक बाजू जिथल्या तिथं आहे. मदत सात-बाऱ्याला मिळते. सात-बाऱ्यावर जो नाही, त्याने पेरलेलं पीक बुडालं तरी त्याचं काही बुडालेलं नसतं. आमच्या गावात बटईनं, ठोक्यानं रान करणारी घरं कितीतरी आहेत. त्यातली बरीचशी बायकांनी चालवलेली. नवरा ऊसतोडीला, बाई दुसऱ्याचं रान करते. ठोक्यावाल्याचं तर अजून अवघड, कारण त्याने मालकाला पैसे पाडव्यालाच मोजलेले असतात. पीक गेलं, ठोका गेला, आणि अनुदान मालकाला.

मालक मंडळींना मी दोष देत नाही, मी स्वतः मालकीण आहे. अण्णांचं नाव कागदावर घालते म्हटल्यावर माझ्याच दिरांनी मला अडवलं. ‘‘वहिनी, उद्या कूळ लागलं तर?’’ ही भीती खोटी नाही. आमच्याकडं मराठवाड्यात 1950 चा हैदराबादचा कूळ कायदा. त्या कायद्याने कुणाची जमीन कुणाला गेली याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. म्हणून कुणी कागद करत नाही. पीक विम्यात बटईदाराला भाग घेता येतो म्हणतात, पण त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि तो करायला कुठला मालक निबंधकाकडं जाणार? मोबाईलवर फोटो काढून पेरा नोंदवायची जी ई-पीक पाहणी, तिथंही नोंद खातेदाराच्याच नावावर होते. फोटो अण्णांनी काढला होता, माझ्या मोबाईलवरून, माझ्या नावाने.

यावर इलाज नाही असं मात्र नाही. आंध्र प्रदेशात 2019 ला कायदा करून दुसऱ्याचं रान करणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड द्यायला सुरुवात झाली. जमिनीवर हक्क लागत नाही, मालकाची भीती नाही, फक्त या हंगामात या गटात पेरा माझा एवढंच ते कार्ड सांगतं. पीक कर्ज, पीक विमा आणि नुकसानीची मदत या गोष्टींसाठी ते धरलं जातं. तिथंही मालकाची सही लागते आणि सगळे मालक देत नाहीत, हे खरं. पण निदान देणाऱ्या मालकाला सही करायला एक जागा आहे. मला ती जागा पाहिजे होती, 30 सप्टेंबरला, बांधावर.

आणि आपल्याच व्यवस्थेला हे जमतं, हे मी त्याच पंचनाम्यात पाहिलं. अण्णांच्या सहा शेळ्या वाहून गेल्या होत्या. चार ओढ्यातल्या बाभळीला अडकलेल्या सापडल्या, दोन सापडल्याच नाहीत. शेळीला सात-बारा नसतो. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी चार पाहिल्या, आणि उरलेल्या दोनसाठी सरपंच, पोलीस पाटील आणि आम्हा शेजाऱ्यांना विचारलं की या माणसाच्या दारात शेळ्या किती होत्या. आम्ही सांगितलं सहा. जबाब लिहिले, सह्या झाल्या. सहा शेळ्यांचे 4,000 प्रमाणे 24,000 रुपये अण्णांच्या खात्यावर आले. घरात पाणी शिरलं त्याचे 10,000 आले. दोन्ही वेळा कुणी जमिनीचा कागद मागितला नाही. शेळी कुणाची हे गावाला विचारता येतं, तर पेरा कुणाचा हेही विचारता येईल. सोयाबीनला पाळी कुणी घातली हे आमच्या गावात शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. एक रकाना आणि दोन पंच, एवढंच लागतं.

आता तारे. पंचनाम्याला पाच. पैसे वेळेवर येण्याला चार, सासूबाईंच्या अंगठ्यासाठी एक कापला. रोजगार हमीच्या मातीला आज शून्य, काम सुरू झालं की इथंच येऊन बदलेन. आणि पात्रतेला, म्हणजे कोण आत आणि कोण बाहेर याला, तीन. 2014 ला लिहिलं असतं तर एक दिला असता.

दोन एकरांच्या वाटणीचं आम्ही असं केलं. पिकाच्या 6,800 मधले निम्मे, 3,400, अण्णांचे. रब्बीच्या मदतीतले त्या दोन एकरांचे 8,000 सगळे त्यांनाच दिले, कारण पेरायचं त्यांनाच होतं. अण्णा घेईनात. म्हणाले, ‘‘सरकारने तुम्हाला दिलेत.’’ मग सासूबाई त्यांच्यावर रागावल्या, तेव्हा घेतले. मी वहीत लिहिलं, त्यांनी खाली सही केली, यावेळी पेरणारा म्हणून. गावात असं वाटून देणारे मी धरून पाचजण माहीत आहेत. न देणारे किती, ते मी मोजलेलं नाही. बटईदाराने आपल्याच नुकसानीसाठी मालकाच्या तोंडाकडं बघायचं, हे मात्र माझ्या गळी उतरत नाही, मालक मीच असले तरी.

हरभरा 28 नोव्हेंबरला पेरला. वापसा उशिरा आला म्हणून इतका उशीर. आता घाटे धरलेत. ई-पीक पाहणीचा फोटो परवा काढला, अण्णा मधे उभे आहेत.